उच्च शिक्षणासाठी शासकीय साहाय्य : योजना समजून घ्या, अर्ज वेळेत करा

बारावीचा निकाल जाहीर झाला की घराघरांतून पेढे वाटले जातात. परंतु सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबात या आनंदापाठोपाठ एक विवंचनाही घरात शिरते. मुलाला अभियांत्रिकीला किंवा मुलीला औषधनिर्माणशास्त्राला पाठवावयाचे तर फीचे पैसे कोठून आणावयाचे? जमीन गहाण टाकावी, दागिने मोडावेत, की मुलांना शहाणपणाने 'जवळचे कॉलेज' पाहावयास सांगावे? अशा विचारात जुलै महिना उलटतो. गुणवत्तेवर मिळालेली जागा कित्येकदा केवळ पैशाच्या भीतीने सोडून दिली जाते.

वास्तविक ही भीती अनेक प्रसंगी अनाठायी असते. शुल्काची प्रतिपूर्ती, निर्वाह भत्ता, वसतिगृह आणि व्याज-सवलतीचे कर्ज अशा चार मार्गांनी शासन उच्च शिक्षणास साहाय्य करीत असते. मात्र साहाय्य मिळण्यास ते आहे हे ठाऊक असावे लागते, आपण कोणत्या योजनेत बसतो हे नेमके कळावे लागते आणि योग्य कागद योग्य तारखेस हाताशी असावा लागतो. यांपैकी शेवटच्या गोष्टीत झालेली हयगय सर्वांत महागात पडते. एका दाखल्यावाचून अर्ज परत येतो, मुदत टळते आणि एका गुणी विद्यार्थ्याचे वर्ष पणास लागते. म्हणूनच या विषयाची पद्धतशीर माहिती विद्यार्थी, पालक आणि शिक्षक या तिघांनाही असणे अगत्याचे आहे.

साहाय्याची परंपरा

गरजू विद्यार्थ्यास शिक्षणासाठी सार्वजनिक निधीतून मदत करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहावीत म्हणून राज्याचा आश्रय दिला. खेड्यातील मुलाला शाळेची फी परवडली तरी शहरात राहण्या-जेवण्याचा खर्च परवडत नाही, ही अडचण त्यांनी अचूक हेरली होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या संस्थानाने दिलेल्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. एका शिष्यवृत्तीने देशाच्या इतिहासात काय घडू शकते, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 'कमवा व शिका' हा मंत्र देऊन श्रमाच्या बळावर शिकणारी पिढी घडविली.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे. पुढे तिचा लाभ अनुसूचित जमातींनाही मिळू लागला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९ च्या सुमारास, आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी फी माफीची योजना आली. 'इ.बी.सी.' हा शब्द त्यानंतर ग्रामीण महाराष्ट्राच्या तोंडी इतका रुळला की त्याचा विस्तार माहीत नसलेले पालकही तो सहज उच्चारीत. आजच्या योजना याच वाटेवरील पुढचे टप्पे होत.

साहाय्याचे चार प्रकार

अर्ज करण्यापूर्वी काही शब्दांचे अर्थ स्पष्ट असणे जरूर आहे. त्यांच्या गल्लतीतूनच पुष्कळ गैरसमज निर्माण होतात.

पहिला प्रकार शुल्क प्रतिपूर्तीचा. महाविद्यालयाची फी म्हणून जी रक्कम सांगितली जाते, तिच्यात शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क आणि इतर किरकोळ शुल्के यांचा समावेश असतो. योजना यांपैकी नेमके कोणते शुल्क देते, हे पाहिल्याशिवाय 'फी माफ झाली' असे समजू नये. दुसरा प्रकार निर्वाह भत्त्याचा. हा जेवणखाण, राहणे, वह्या-पुस्तके अशा खर्चासाठी असतो. तिसरा प्रकार शासकीय वसतिगृहातील प्रवेशाचा. तेथे राहण्याची व जेवणाची सोय विनामूल्य होते. चौथा प्रकार शैक्षणिक कर्जाचा. पहिले तीन प्रकार परत करावयाचे नसतात, चौथा मात्र परत करावयाचा असतो. यास्तव पहिल्या तीन मार्गांचा पूर्ण शोध घेतल्यानंतरच चौथ्याकडे वळणे शहाणपणाचे ठरते.

कोणास कोणती योजना

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही प्रमुख योजना आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असल्यास अनिवार्य व परत न मिळणारी शुल्के आणि त्याखेरीज निर्वाह भत्ता मिळतो. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हा भत्ता अभ्यासक्रमाच्या गटानुसार वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला ४,००० ते १३,५०० रुपये आणि घरून ये-जा करणाऱ्यास २,५०० ते ७,००० रुपये असा ठरविण्यात आला. उत्पन्न अडीच लाखांहून अधिक असेल तर भत्ता मिळत नाही; तथापि शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांच्यासाठी 'फ्रीशिप' या नावाने ओळखली जाणारी स्वतंत्र योजना आहे. उत्पन्नाची मर्यादा ओलांडली म्हणजे सर्व दारे बंद झाली, असे समजून घरी बसणे चुकीचे होय.

अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाच्या आणि विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग व इतर मागास वर्ग यांच्यासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या समांतर योजना आहेत.

ज्या विद्यार्थ्यांना कोणत्याही मागास प्रवर्गाचा लाभ नाही, परंतु ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत आहे, त्यांच्यासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांची ५० टक्के रक्कम या योजनेतून दिली जाते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून तीत महत्त्वाची भर पडली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के लाभ देण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. मुलीला पुढे शिकवावे की नाही याचा विचार ज्या घरात फीच्या आकड्यावर अडत असे, तेथे या निर्णयाचे मोल विशेष आहे.

या निर्णयाची एक अट मात्र ठळकपणे लक्षात ठेवली पाहिजे. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश, तसेच अभिमत विद्यापीठे व खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यांतील प्रवेश या लाभास पात्र ठरत नाहीत. घाईगर्दीत, 'जागा हातची जाईल' या धास्तीने व्यवस्थापन कोट्यातील जागा घेणारे पालक पुढील चार वर्षांच्या शासकीय साहाय्यावर एका सहीने पाणी सोडतात. प्रवेशाच्या कागदावर सही करण्यापूर्वी हा प्रवेश कोणत्या फेरीतून व कोणत्या कोट्यातून होत आहे, याची महाविद्यालयाकडे लेखी विचारणा करणे म्हणूनच हिताचे आहे.

राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी

फीचा प्रश्न सुटला तरी शहरात राहण्याचा प्रश्न उरतोच. शासकीय वसतिगृहातील जागा मर्यादित असतात. ज्यांना तेथे प्रवेश मिळाला नाही, अशा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना राबविली जाते. अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नमर्यादेत मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत राहून शिकणाऱ्यास भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपये, तर इतर ठिकाणी शहराच्या दर्जाप्रमाणे त्याहून कमी रक्कम मिळते. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

केंद्रीय पातळीवरील काही योजनाही ध्यानात असाव्यात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या प्रगती योजनेतून तांत्रिक पदवी व पदविका अभ्यासक्रमांतील मुलींना आणि सक्षम योजनेतून दिव्यांग विद्यार्थ्यांना वर्षाला ५० हजार रुपयांचे साहाय्य मिळते. बारावीच्या परीक्षेत मंडळातील वरच्या २० शतमक (पर्सेंटाइल) गटात असलेल्या आणि कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती आहे. तिची रक्कम पदवीसाठी वर्षाला १२ हजार व पदव्युत्तर शिक्षणासाठी २० हजार रुपये आहे. या योजनांचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावयाचे असतात. एकाच कारणासाठी दोन शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत, हा सर्वसाधारण नियम असल्याने कोणत्या योजनेतून अधिक लाभ होतो याचा हिशेब आधी मांडावा.

एक उदाहरण

हा हिशेब कसा मांडावा, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, लातूर जिल्ह्यातील एका अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलीला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून पुण्याच्या विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपये आहे आणि ते आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकात मोडते. महाविद्यालयाने वर्षाची फी १ लाख ३० हजार सांगितली. हा आकडा ऐकूनच बापाचा धीर सुटतो.

परंतु फीची फोड मागितल्यावर चित्र बदलते. समजा, त्यात शिक्षण शुल्क १ लाख १२ हजार, विकास शुल्क १३ हजार, परीक्षा शुल्क ३ हजार आणि इतर शुल्क २ हजार आहे. मुलीसाठीच्या सवलतीप्रमाणे शिक्षण व परीक्षा शुल्काचे मिळून १ लाख १५ हजार रुपये शासन देते. कुटुंबास भरावयाचे उरतात ते १५ हजार. तिच्याऐवजी तिच्या भावास हीच जागा मिळाली असती, तर या दोन शुल्कांच्या निम्मे म्हणजे ५७ हजार ५०० रुपये शासनाने दिले असते आणि कुटुंबावर ७२ हजार ५०० रुपयांचा भार पडला असता.

आता राहण्याचा खर्च. दरमहा ८ हजार रुपये धरले तर दहा महिन्यांचे ८० हजार होतात. पुस्तके व साहित्य यांसाठी १२ हजार धरू. म्हणजे या मुलीच्या शिक्षणाचा वर्षाचा एकूण भार फीच्या उरलेल्या १५ हजारांसह १ लाख ७ हजार रुपये येतो. फी जवळजवळ माफ होऊनही एवढी रक्कम उरते, ही गोष्ट अनेक कुटुंबांच्या लक्षात पहिल्या वर्षाच्या दिवाळीत येते आणि तोवर वसतिगृहाच्या व निर्वाह भत्त्याच्या अर्जाची वेळ निघून गेलेली असते. म्हणून फीचा अर्ज भरतानाच वडिलांचा अल्पभूधारक असल्याचा दाखला काढून निर्वाह भत्त्याचा अर्जही भरणे आवश्यक आहे. हे दोन स्वतंत्र अर्ज होत. एक भरल्याने दुसरा आपोआप भरला जात नाही.

कागदपत्रांची तयारी

अर्जाची खरी तयारी निकालानंतर सुरू होत नसते. ती बारावीच्या वर्षीच सुरू व्हावी लागते. पुढील कागद एका फाइलमध्ये, मूळ प्रत व झेरॉक्स अशा दोन्ही स्वरूपांत, जपून ठेवावेत.

१. उत्पन्नाचा दाखला. हा तहसील कार्यालयाकडून मिळतो. अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो. दाखला ज्या आर्थिक वर्षासाठी योजनेने मागितला आहे त्याच वर्षाचा असावा. मागील वर्षीचा जुना दाखला जोडणे हे अर्ज परत येण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

२. अधिवास (डोमिसाइल) प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला.

३. मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र. वैधता प्रमाणपत्रासाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे वडिलांकडील नात्यातील जुने पुरावे सादर करावे लागतात व त्यास वेळ लागतो. विद्यार्थी अकरावीत असतानाच महाविद्यालयामार्फत हा प्रस्ताव पाठविणे इष्ट.

४. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती इत्यादींसाठी उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे, म्हणजे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र. येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. या प्रमाणपत्राच्या आठ लाखांच्या कसोटीत पालकांचे वेतन आणि शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. पालकांचे पद व जमीनधारणा यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत. शिष्यवृत्तीसाठी लागणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र सर्व मार्गांचे उत्पन्न धरले जाते. हे दोन कागद एकमेकांचे पर्याय नाहीत. दोन्ही मागितले असतील तर दोन्ही द्यावे लागतात.

५. दहावी, बारावी व त्यानंतरच्या परीक्षांच्या गुणपत्रिका, प्रवेश प्रक्रियेतील जागावाटपाचे पत्र व फीची पावती. शिक्षणात खंड पडला असल्यास त्याबाबतचे प्रतिज्ञापत्र.

६. शिधापत्रिका. काही योजनांत एका कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ मिळतो, त्यासाठी ती पाहिली जाते.

७. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते, आधार क्रमांकाशी जोडलेले. या मुद्द्यावर थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. खाते उघडताना आधार कार्डाची प्रत दिली म्हणजे खाते शासकीय अनुदानासाठी जोडले गेले, असे नव्हे. थेट लाभ हस्तांतरणासाठी बँकेत स्वतंत्र संमतिपत्र द्यावे लागते. तसेच एका आधार क्रमांकाशी शेवटी जोडलेल्या खात्यातच रक्कम जमा होते. दोन-तीन बँकांत खाती असणाऱ्या विद्यार्थ्याने कोणते खाते जोडलेले आहे, याची खात्री करून घ्यावी. बंद पडलेल्या खात्यात शिष्यवृत्ती अडकण्याचे प्रकार याच कारणाने घडतात.

नावाच्या बाबतीतही दक्षता हवी. गुणपत्रिकेवर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि जातीच्या दाखल्यावर तिसरे, अशी तफावत आपल्याकडे सर्रास आढळते. वडिलांचे नाव, आडनाव व जन्मतारीख सर्व कागदांवर सारखी आहे की नाही, हे दहावीनंतर लगेच तपासावे. दुरुस्तीस महिने लागतात. अर्जाची मुदत मात्र थांबत नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित दाखले ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. मुदतीत दाखला न मिळाल्यास अपील करता येते. अर्जाची पोच जपून ठेवणाऱ्यासच या हक्काचा उपयोग करता येतो.

अर्जाचा प्रवास

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर करावयाचे असतात. प्रथम आधार क्रमांकाच्या साहाय्याने नोंदणी होते. त्यानंतर वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, चालू अभ्यासक्रम, मागील शिक्षण आणि वसतिगृह अशा क्रमाने माहिती भरावी लागते. ही माहिती भरून झाल्यावर विद्यार्थी ज्या योजनांस पात्र ठरतो त्या योजना समोर दिसतात. एखादी अपेक्षित योजना दिसत नसेल तर बहुधा प्रवर्ग, उत्पन्न किंवा अभ्यासक्रम यांपैकी एखादी नोंद चुकलेली असते. अशा वेळी दुसरीच योजना निवडून अर्ज पुढे ढकलणे टाळावे व नोंद दुरुस्त करावी.

संगणक केंद्रावर अर्ज भरून घेणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. वापरकर्ता नाव, परवलीचा शब्द व अर्जाचा क्रमांक स्वतःच्या वहीत लिहून घ्यावा आणि भ्रमणध्वनी क्रमांक स्वतःचाच द्यावा. केंद्रचालकाचा क्रमांक दिल्यास अर्ज परत आल्याचा संदेश त्याच्याकडे जातो आणि विद्यार्थ्यास कळतच नाही. पुढील वर्षी नूतनीकरणाच्या वेळीही हाच घोळ पुन्हा होतो.

अर्ज सादर केल्यावर तो प्रथम महाविद्यालयाकडे जातो. तेथे लिपिक व प्राचार्य यांच्या पातळीवर छाननी होऊन तो संबंधित विभागाकडे, उदाहरणार्थ समाजकल्याण खात्याच्या जिल्हा कार्यालयाकडे किंवा सहसंचालक कार्यालयाकडे, मंजुरीसाठी जातो. अर्ज सादर झाला म्हणजे काम संपले, अशी समजूत येथे घातक ठरते. छाननीत त्रुटी आढळल्यास अर्ज विद्यार्थ्याकडे परत पाठविला जातो आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करून तो पुन्हा सादर करावा लागतो. आठवड्यातून एकदा अर्जाची स्थिती पाहण्याचा नेम ठेवला तर ही अडचण टळते. महाविद्यालयातच अर्ज अडून राहिला असेल तर शिष्यवृत्ती विभागाच्या लिपिकास व नंतर प्राचार्यांना लेखी विनंती करावी आणि तिच्यावर पोच घ्यावी.

शिष्यवृत्ती एकदा मिळाली की पदवीपर्यंत आपोआप चालू राहते, हाही एक समज आहे. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो; त्यासाठी मागील वर्षाचा निकाल व योजनेत ठरविलेली हजेरी या अटी असतात.

काही योजनांत शुल्काची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते व ती त्याने महाविद्यालयात भरावयाची असते. ही रक्कम खात्यात दिसली की घरातील दुसऱ्या निकडीसाठी वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु ती महाविद्यालयाची फी आहे, याचे विस्मरण झाल्यास परीक्षेच्या अर्जाच्या वेळी अथवा कागदपत्रे परत घेताना विद्यार्थीच अडचणीत येतो.

फी आधी मागितली तर

साहाय्याची रक्कम हाती येण्यास काही वेळा विलंब होतो, हे वास्तव नाकारता येणार नाही. त्या काळात महाविद्यालय पूर्ण फी भरण्याचा आग्रह धरते आणि पालक सावकाराचे दार गाठतात. योजनेस पात्र विद्यार्थ्याकडून योजनेतून मिळणारे शुल्क प्रवेशाच्या वेळी मागू नये, अशा सूचना शासनाने वेळोवेळी दिलेल्या आहेत. पालकांनी अशा वेळी वाद न घालता, विद्यार्थी कोणत्या योजनेस पात्र आहे हे नमूद करून लेखी अर्ज द्यावा आणि शासन देत नाही तेवढाच भाग भरण्याची तयारी दर्शवावी. तेवढ्याने प्रश्न न सुटल्यास तंत्रशिक्षण, उच्च शिक्षण किंवा समाजकल्याण विभागाच्या कार्यालयाकडे तक्रार करावी. खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण निश्चित करते. त्याहून अधिक रक्कम मागितली जात असल्यास तीही तक्रारीची बाब होते. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये, हे सांगणे न लगे.

कर्ज : विचारपूर्वक

सर्व साहाय्य मिळूनही खर्च भागत नसेल तर शैक्षणिक कर्जाचा मार्ग उरतो. कर्ज घेताना मुद्दलाइतकाच व्याजाचाही विचार करावा. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी आरंभी १ लाख रुपये उचलले, व्याजाचा दर १० टक्के आहे आणि परतफेड शिक्षण संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होणार आहे. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन व चौथ्यावर दोन वर्षांचे सरळ व्याज धरले तर केवळ व्याजच १ लाख ४० हजार रुपये होते. चार लाखांचे कर्ज पहिला हप्ता भरण्यापूर्वीच ५ लाख ४० हजारांवर गेलेले असते. शिकत असतानाच व्याज थोडे थोडे भरता आले तर हा बोजा वाढत नाही.

कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतील तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर या काळातील व्याज केंद्र शासनाच्या व्याज अनुदान योजनेतून भरले जाऊ शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत देशातील निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळविणाऱ्यास तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळण्याची तरतूद आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि इतर शासकीय शिष्यवृत्ती वा व्याज सवलत न घेणाऱ्या विद्यार्थ्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलतही देण्यात येते. कर्ज घेण्यापूर्वी बँकेत या योजनांविषयी आवर्जून विचारावे. कर्ज मंजूर झाल्यानंतर सवलतीची आठवण होणे बहुधा उपयोगी पडत नाही.

गावाची जबाबदारी

ज्या घरातील पहिलीच मुलगी महाविद्यालयात जात आहे, त्या घरात हे सर्व नियम सांगणारे कोणी नसते. अर्ज संगणकावर, सूचना भ्रमणध्वनीवर आणि दाखले तालुक्याला. रोजंदारी बुडवून तहसील कचेरीत तीन खेपा घालणाऱ्या बापाला चौथ्या खेपेस 'हा कागद चालत नाही' असे ऐकावे लागले की तो साहाय्याचा नादच सोडून देतो. नियमात ती मुलगी पात्र असते; प्रत्यक्षात ती एका कागदामुळे शिक्षणाला मुकते.

ही उणीव भरून काढणे गावाच्या आवाक्यात आहे. कनिष्ठ महाविद्यालयाने बारावीच्या वर्षी दिवाळीपूर्वी विद्यार्थी-पालकांचा एक मेळावा घेऊन कागदपत्रांची यादी हाती द्यावी. ग्रामपंचायतीने गावातील बारावीच्या विद्यार्थ्यांची यादी करून कोणाचा कोणता दाखला राहिला आहे याची नोंद ठेवावी. तलाठी, ग्रामसेवक आणि सेवा केंद्राचा चालक यांनी एक दिवस शाळेत बसून अर्ज घेतले तर कित्येक घरांच्या खेपा वाचतील. पूर्वी शिष्यवृत्ती घेऊन शिकलेल्या एखाद्या तरुणाने सुटीत गावी आल्यावर चार मुलांचे अर्ज भरून दिले, तरी ती मोठी मदत ठरेल.

योजनांच्या रकमा, मर्यादा व अंतिम तारखा यांत वेळोवेळी बदल होत असतात. म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी संकेतस्थळावरील चालू वर्षाची सूचना पुन्हा एकदा वाचावी आणि शंका असल्यास महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून घ्यावी. या वर्षी बारावीत बसलेल्या विद्यार्थ्याच्या घरी आज संध्याकाळी करण्यासारखे काम एवढेच आहे : आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि बँकेचे पासबुक एकत्र घेऊन तिन्हींवरील नाव एकच आहे की नाही, ते पाहणे. अर्जाच्या पुढील सर्व पायऱ्या त्या तपासणीवर उभ्या आहेत.